प्रकाशाची वाट, प्रकाशाची देवघेव

प्रकाश लहर आहे की कण, हा प्रश्न शाळेत कानावर पडतो आणि त्याचे 'दोन्ही' हे उत्तरही तिथेच पाठ होते. उत्तर चुकीचे नाही, पण त्याने ऐकणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. प्रकाशाने लहरीसारखे कधी वागायचे आणि कणासारखे कधी, हे कशावरून ठरते, ते या उत्तरात कुठेच नाही. प्रकाशाच्या भौतिकीचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास एकत्र मांडला, तर मात्र एक विभागणी ठळकपणे दिसू लागते. काही प्रयोग प्रकाश इथून तिथे कसा जातो याची चौकशी करतात. काही प्रयोग तो पदार्थाला काय देतो आणि त्याच्याकडून काय घेतो याची. पहिला प्रश्न वाटेचा, दुसरा देवघेवीचा. वाटेच्या प्रश्नाला जवळजवळ दरवेळी लहरींच्या भाषेत उत्तर मिळाले, तर देवघेवीच्या प्रश्नाला सुट्या नगांच्या भाषेत. दोन्ही उत्तरे एका सिद्धांतात बसवायला विसावे शतक यावे लागले, आणि ती खरोखर बसली आहेत याची प्रयोगाने खात्री पटायला त्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

डोळ्यापासून सुटका

सर्वांत आधी प्रकाश आणि दृष्टी यांची फारकत व्हावी लागली. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते किरण डोळ्यांतून निघून वस्तूपर्यंत पोहोचत. आपल्याकडे न्यायदर्शनानेही नेत्रेंद्रिय तेजाचे बनलेले मानले आणि ते बाहेर जाऊन विषयाला भिडते असे म्हटले. ही समजूत मुळापासून हलवली ती अकराव्या शतकाच्या आरंभी कैरोत काम करणाऱ्या इब्न अल-हैथमने. प्रखर उजेडाकडे पाहिले की डोळा दुखतो, डोळे मिटल्यावरही प्रतिमा काही क्षण रेंगाळते. म्हणजे काहीतरी बाहेरून आत येते, असा त्याचा युक्तिवाद होता. प्रकाश पाहणाऱ्यापासून सुटा झाला आणि त्यामुळेच स्वतंत्रपणे मोजण्याजोगा ठरला.

मोजण्यात पहिली अडचण होती ती त्याच्या वेगाची. तो वेग अमर्याद आहे असे देकार्तसारखे लोकही मानत. ते मत डळमळले ते आकाशातल्या एका घड्याळामुळे. गुरूचा आयो हा चंद्र साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि ठरावीक अंतराने गुरूच्या सावलीत शिरतो. पॅरिसच्या वेधशाळेत काम करणाऱ्या ओले रोमरला दिसले की पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ही ग्रहणे उशिरा होत जातात. १६७६ साली त्याने आधीच जाहीर केले की नोव्हेंबरमधले एक ग्रहण दहा मिनिटे उशिरा दिसेल, आणि ते तसे दिसले. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटे लागतात, हा त्याचा अंदाज होता. खरा आकडा १७ मिनिटांहून थोडा कमी आहे. मात्र वेग प्रचंड असला तरी मर्यादित आहे, हा निष्कर्ष पक्का ठरला.

पृथ्वीवर हा वेग मोजायला १८४९ साल उजाडले. आर्मां फिझोने पॅरिसजवळच्या स्युरेन इथून मोंमार्त्रच्या टेकडीवर, म्हणजे साडेआठ किलोमीटरहून थोडे लांब, प्रकाश पाठवला आणि आरशावरून परत आणला. वाटेत ७२० दात्यांचे फिरते चाक होते. चाकाचा वेग इतका वाढवायचा की एका खाचेतून गेलेला प्रकाश परत येईपर्यंत पुढचा दाता आडवा यावा. त्यावरून त्याला सेकंदाला सुमारे ३,१३,००० किलोमीटर असा वेग मिळाला. त्यानंतर फूको, मग मायकेलसन, पुढे लेसरचे प्रयोग, असे करत हा आकडा इतका काटेकोर झाला की १९८३ साली भूमिकाच उलटली. तेव्हापासून प्रकाशाचा निर्वातातला वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवूनच दिलेला आहे आणि मीटरची लांबी त्यावरून काढली जाते. आज हा वेग कुणी नव्याने 'मोजत' नाही. मोजले तर फार तर आपली मीटरपट्टी तपासली जाते.

लहरींचा विजय

वेग ठरला, तरी जाते आहे ते काय, हे ठरले नव्हते. १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स'मध्ये न्यूटनचा कल सूक्ष्म कणांकडे होता, तर हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने १६९० साली लहरींची बाजू मांडली. कणांच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा होता तो सरळ रेषेचा: आवाज भिंतीआडून ऐकू येतो, उजेड वळून येत नाही. त्याला छेद देणारी निरीक्षणे तेव्हाही होती. इटलीतल्या ग्रिमाल्डीने सावलीच्या कडेपाशी प्रकाश किंचित पसरतो हे नोंदवले होते, आणि ते १६६५ साली प्रसिद्धही झाले होते. भिंग सपाट काचेवर ठेवले की दिसणारी रंगीत वर्तुळे तर न्यूटनच्याच नावाने ओळखली जातात, आणि तीच पुढे लहरींचा पुरावा ठरली. न्यूटनच्या अधिकाराचा दबदबा एवढा होता की हा पुरावा शंभर वर्षे बाजूलाच पडून राहिला.

लंडनच्या टॉमस यंगने १८०१ ते १८०३ या काळात ही कोंडी फोडली. एकाच उगमातून आलेला प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणला, तर पडद्यावर उजळ आणि काळे पट्टे एकाआड एक दिसतात. काळ्या पट्ट्याच्या जागी एक वाट बंद केली तर तिथे उजेड येतो. उजेडात उजेड मिसळून अंधार होतो, ही गोष्ट कणांच्या हिशेबात बसत नाही. लहरींच्या हिशेबात मात्र एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला की दोन्ही नाहीशा होतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. पट्ट्यांमधल्या अंतरावरून यंगने वेगवेगळ्या रंगांची तरंगलांबी काढली. जांभळ्या रंगाची मिलिमीटरच्या सुमारे अडीच हजाराव्या भागाइतकी, तांबड्याची चौदाशेव्या भागाच्या आसपास. उजेड दारामागे वळून का येत नाही याचे उत्तरही इथेच आहे. दाराच्या मानाने लहर इतकी बारीक आहे की तिचे वळणे डोळ्यांना जाणवतच नाही.

यंगला गणिताची जोड दिली ती फ्रान्सच्या ऑगुस्तां फ्रेनेलने. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने विवर्तनावर, म्हणजे कडेपाशी प्रकाशाच्या पसरण्यावर, पारितोषिक जाहीर केले होते आणि परीक्षकांत कणवादी पंडितांचे वजन होते. त्यांपैकी प्वासोंने फ्रेनेलच्या समीकरणांवरून एक विक्षिप्त निष्कर्ष काढला: गोल चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यावर लख्ख ठिपका दिसायला हवा. हे हास्यास्पद आहे म्हणजे सिद्धांत चुकीचा आहे, असे त्याला दाखवायचे होते. परीक्षकांपैकीच आरागोने प्रयोग करून पाहिला, आणि ठिपका होता. सिद्धांत पाडण्यासाठी काढलेला निष्कर्षच सिद्धांताचा भक्कम आधार झाला.

एक प्रश्न उरला होता. आइसलँडमध्ये सापडणाऱ्या कॅल्साइटच्या पारदर्शक स्फटिकातून पाहिले की एकाच्या दोन प्रतिमा दिसतात. १८०८ साली एतिएन मालूने असाच स्फटिक डोळ्यांसमोर धरून पॅरिसच्या लुक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेले ऊन पाहिले. स्फटिक फिरवला की आलटून पालटून एक प्रतिमा मंद होत होती. परावर्तनाने प्रकाशाला काहीतरी दिशा लाभत होती, म्हणजेच त्याचे ध्रुवीकरण होत होते. प्रकाशाची लहर आवाजासारखी पुढे-मागे होणारी असती, तर हे शक्य नव्हते. ती प्रवासाच्या दिशेला आडवी होणारी असली, तरच शक्य होते, आणि फ्रेनेलने १८२१ साली तसे स्पष्ट मांडले. मोबाइलचा पडदा, उन्हाळी चष्मा आणि साखरेच्या द्रावणाची तपासणी, तिन्ही आजही याच आडव्या कंपनावर चालतात. शेवटचा खिळा फूकोने १८५० साली ठोकला. न्यूटनच्या कणांचा वेग पाण्यात वाढायला हवा होता, लहरींचा कमी व्हायला हवा होता. तो कमी झाला.

कशाची लहर?

लहर मान्य झाली, पण कशाची, हे कळायला विद्युत आणि चुंबकत्व यांच्या वाटेने यावे लागले. १८४५ साली मायकेल फॅरडेने जाड काचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चुंबकाचा प्रभाव टाकला आणि ध्रुवीकरणाची दिशा वळते हे दाखवले. १८५६ साली वेबर आणि कोलराउश यांनी विद्युतभार दोन पद्धतींनी मोजून त्यांच्या गुणोत्तरातून एक वेग काढला. तो सेकंदाला सुमारे ३,१०,७४० किलोमीटर निघाला. फिझोच्या आकड्याशी तो फार जवळचा होता. जेम्स क्लार्क मॅक्सवेलच्या समीकरणांत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जन्म देत नेमक्या याच वेगाने पुढे सरकत होती. वेबर-कोलराउश यांच्या प्रयोगात प्रकाशाचा उपयोग उपकरणे दिसण्यापुरताच झाला होता, असे मॅक्सवेलने मिस्कीलपणे नमूद केले आहे. प्रकाश न वापरता प्रकाशाचा वेग हाती आला होता, आणि त्याचा अर्थ एकच होता: प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे.

हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ मध्ये अशा लहरी प्रयोगशाळेत तयार केल्या. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास त्या काही मिलिमीटरांपर्यंत आखूड करून त्यांचे परावर्तन, अपवर्तन आणि ध्रुवीकरण दाखवले, म्हणजे प्रकाशाचे सगळे गुण डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींमध्ये सिद्ध केले. रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंत एकच कुटुंब आहे. डोळ्यांना दिसणारा भाग म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर एवढी त्याची अरुंद पट्टी.

लहर म्हटली की माध्यम आलेच, म्हणून अवकाशभर 'ईथर' पसरलेला आहे असे मानले गेले. पृथ्वी त्या ईथरमधून जाते तर प्रकाशाचा वेग दिशेनुसार बदलायला हवा. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे मायकेलसन आणि मोर्ली यांनी १८८७ साली एक किरण दुभंगून काटकोनात दोन दिशांना पाठवला, आरशांवरून परत आणून जुळवला आणि पट्टे सरकतात का ते पाहिले. अपेक्षेइतके ते सरकले नाहीत. १९०५ साली आइनस्टाइनने ईथरची गरजच काढून टाकली. प्रकाशाचा वेग प्रत्येक निरीक्षकाला सारखाच मिळतो हे गृहीत धरले की काळ आणि अंतर यांच्याच कल्पना बदलाव्या लागतात. मायकेलसनचे ते उपकरण मात्र निरर्थक ठरले नाही. त्याच्याकडे शेवटी परत यावेच लागेल.

देवघेवीचा हिशेब

इथपर्यंतचा सगळा इतिहास वाटेचा आहे. देवघेवीकडे लक्ष गेले ते तापलेल्या वस्तूंच्या रंगांमुळे. लोखंड तापवले की आधी लाल, मग पिवळे आणि शेवटी पांढरे दिसते. मॅक्सवेलच्या लहरी आणि उष्णतेचे नियम एकत्र केले तर अतिनील बाजूला अमर्याद ऊर्जा बाहेर पडायला हवी, असा हिशेब निघत होता. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये माक्स प्लांकने मांडलेले सूत्र मोजमापांशी तंतोतंत जुळले. त्यात एक अट होती. ऊर्जेची देवघेव सुट्या हप्त्यांतच होते, आणि प्रत्येक हप्ता वारंवारतेला एका ठरावीक संख्येने गुणून मिळतो. प्लांकच्या दृष्टीने ही अट प्रारण देणाऱ्या-घेणाऱ्या पदार्थापुरती होती. प्रकाश स्वतः सुटा आहे, असे त्याने म्हटले नव्हते.

ते धाडस आइनस्टाइनने १९०५ साली केले. फिलिप लेनार्टच्या प्रयोगांत धातूवर प्रकाश टाकला की इलेक्ट्रॉन बाहेर पडत. उजेड वाढवला तर त्यांची संख्या वाढे, पण प्रत्येकाची ऊर्जा नव्हे. ती ठरवत होता रंग. मंद निळा प्रकाश इलेक्ट्रॉन उखडू शकतो आणि झगझगीत तांबडा उखडू शकत नाही, ही गोष्ट सलग लहरींच्या हिशेबात अवघड होती. प्रकाशाची ऊर्जा नगांत येते आणि एक नग एकाच इलेक्ट्रॉनला दिला जातो, असे मानले की ती सरळ होते. रॉबर्ट मिलिकनचा या कल्पनेवर विश्वास नव्हता. त्याने दहा वर्षे झगडून तिचे सूत्र तपासले आणि १९१६ साली ते अचूक असल्याचे प्रसिद्ध केले. तरीही नगांची कल्पना त्याला पटली नाही. पुढे १९२३ साली आर्थर कॉम्प्टनने दाखवले की क्ष-किरण इलेक्ट्रॉनवरून विखुरतात तेव्हा त्यांची तरंगलांबी वाढते, आणि ती वाढ दोन कणांच्या टकरीच्या गणिताने हुबेहूब मिळते. १९२६ पासून या नगांना 'फोटॉन' हे नाव रूढ झाले.

या नगांची मोजदाद कशी करायची, हे सांगितले ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी. १९२४ साली त्यांनी आपला लेख आइनस्टाइनला पाठवला आणि आइनस्टाइनने तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापवला. बोस यांचा मुद्दा असा: दोन फोटॉन आणि दोन जागा असतील, तर आपल्या सवयीच्या मोजणीत चार शक्यता येतात. पण फोटॉन एकमेकांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत, म्हणून शक्यता तीनच. इतक्या छोट्याशा फरकातून प्लांकचे सूत्र मॅक्सवेलच्या लहरींचा आधार न घेता मिळते. शिवाय फोटॉन एकाच अवस्थेत जमण्याकडे झुकतात, हेही त्यातूनच निघते. पुढे लेसरमध्ये हाच कल उपयोगी पडला.

कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन हेही प्रकाशाच्या देवघेवीचा शोध घेत होते. १९२१ च्या समुद्रप्रवासात समुद्राचा निळेपणा हा आकाशाचे नुसते प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ओळखले. कॉम्प्टनचा शोध प्रसिद्ध झाल्यावर असे काही दृश्य प्रकाशातही घडत असेल का, याचा मागोवा त्यांनी आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी जवळजवळ साठ द्रवांत घेतला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाशेजारी नवे रंग दिसल्याची त्यांची खात्री झाली. फोटॉन रेणूला थोडी ऊर्जा देऊन जातो किंवा त्याच्याकडून घेऊन जातो, आणि ती ऊर्जा त्या रेणूच्या कंपनाइतकी, नेमकी असते. म्हणूनच आज रामन वर्णपट पाहून औषधातली भेसळ किंवा जुन्या चित्रातला रंग नमुन्याला धक्का न लावता ओळखता येतो.

फोटॉनचा पुरावा कोणता?

इथे पाठ्यपुस्तकातली गोष्ट संपते: प्रकाशविद्युत परिणामाने कण सिद्ध झाला आणि 'द्वैत' मान्य झाले. प्रत्यक्षात पुरावा एवढा चोख नव्हता. प्रकाश मॅक्सवेलची सलग लहरच आहे आणि फक्त अणूंमधली ऊर्जा पायऱ्यांची आहे असे मानले, तरी प्रकाशविद्युत परिणामाची सूत्रे मिळतात. हे १९२७ साली ग्रेगोर व्हेंट्झेलने दाखवले होते आणि १९६९ साली विलिस लॅम आणि मार्लन स्कली यांनी पुन्हा सविस्तर मांडले. देवघेव सुटी आहे एवढे त्यातून ठरते. वाटेत असलेला प्रकाशही सुटा आहे का, हे ठरत नाही. प्लांकची मूळ सावधगिरी काही अगदीच अनाठायी नव्हती.

तोवर सिद्धांत पुढे गेला होता. १९२७ साली पॉल डिरॅकने विद्युतचुंबकीय क्षेत्रालाच पुंजभौतिकीचे नियम लावले. या मांडणीत फोटॉन म्हणजे उडत जाणारी गोळी नव्हे. लहरीच्या प्रत्येक प्रकाराला ऊर्जेच्या पायऱ्या असतात, आणि तो प्रकार कितव्या पायरीवर आहे ती संख्या म्हणजे फोटॉनांची संख्या. लहरीचे गणित वाटेसाठी जसेच्या तसे राहते आणि पायऱ्या देवघेवीचा हिशेब सांभाळतात. म्हणजे दोन बाजू एका सिद्धांतात बसल्या. प्रश्न होता तो प्रयोगाने पारखण्याचा.

फार मंद प्रकाश वापरणे, हा पहिला मार्ग सुचतो. १९०९ साली केंब्रिजमध्ये जेफ्री टेलरने ज्योतीचा उजेड इतका कमी केला की एका छायाचित्राला सुमारे तीन महिने लागले, आणि तरीही पट्टे उमटले. पण मंद प्रकाश म्हणजे एकेकटे फोटॉन असे होत नाही. साध्या दिव्याच्या किंवा लेसरच्या मंद प्रकाशातही कधी कधी दोन फोटॉन एकत्र येतात. १९५६ साली रॉबर्ट हॅनबरी ब्राउन आणि रिचर्ड ट्विस यांनी दाखवले की दिव्याच्या प्रकाशातले फोटॉन जोडीने येण्याकडे झुकतात. हीच युक्ती वापरून त्यांनी व्याधाच्या ताऱ्याचा कोनीय व्यासही मोजला. पण हे एकत्र येणे लहरींच्या चढउतारानेही समजावता येत होते. प्रकाशाच्या पुंजस्थितीचे वर्णन नेमके कसे करायचे, ही चौकट १९६३ साली रॉय ग्लॉबर आणि जॉर्ज सुदर्शन यांनी घडवली. सुदर्शन केरळचे, अमेरिकेत जाण्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले. २००५ चे नोबेल ग्लॉबरला मिळाले, सुदर्शन यांना नाही, आणि त्याबद्दल अनेक शास्त्रज्ञांनी उघड नाराजी व्यक्त केली.

निर्णायक प्रयोगाला अशी गोष्ट हवी होती जी कोणत्याही लहरीला जमणार नाही. किंबल, डागने आणि मँडेल यांनी १९७७ साली सोडियमच्या अणूंकडून येणाऱ्या प्रकाशात ती टिपली. एक फोटॉन दिल्यावर अणू लगेच दुसरा देत नाही, त्याला पुन्हा ऊर्जा घ्यावी लागते. म्हणून फोटॉन एकमेकांपासून अंतर राखून येतात, आणि हे अंतर लहरींच्या चढउतारातून मिळूच शकत नाही. १९८६ साली पॅरिसजवळ ओर्से इथे फिलिप ग्रांजिए, जेरार रोजे आणि आलां आस्पे यांनी या विषयाला पूर्ण आकार दिला. कॅल्शियमचा अणू लागोपाठ दोन फोटॉन देतो. पहिला पकडला की दुसरा निघाल्याची वर्दी मिळते. तो दुसरा अर्ध्या पारदर्शक आरशावर सोडला आणि पलीकडे दोन्ही बाजूंना शोधक ठेवले. लहर असती तर ती दुभंगून दोन्ही शोधक पुष्कळदा एकदम वाजले असते. ते जवळजवळ कधीच एकदम वाजले नाहीत. म्हणजे एकेक फोटॉन अखंडच पकडला जात होता. मग त्याच फोटॉनांसाठी आरशाच्या दोन्ही वाटा पुढे पुन्हा जुळवल्या, तेव्हा स्वच्छ व्यतिकरण दिसले. घेताना तो अखंड, जाताना दोन्ही वाटांचा. जवळजवळ तीन शतकांचा वाद एकाच टेबलावर, एकाच प्रकाशाने मिटवला.

औंढ्याचा आरसा

ही गोष्ट केवळ तत्त्वचर्चेची नाही हे दाखवणारे एक यंत्र मराठवाड्यात उभे राहायचे आहे. लायगो म्हणजे मायकेलसनच्याच उपकरणाचे राक्षसी रूप: काटकोनातले चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, टोकांना आरसे आणि लेसरचा प्रकाश. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगोंनी दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आलेली गुरुत्वीय लहर टिपली. तिने बाहूंच्या लांबीत घडवलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. असे संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे आधीपासून काम केले होते. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला मंजुरी दिली, आणि त्याची जागा हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ आहे.

या यंत्रात वाट आणि देवघेव शेजारी-शेजारी काम करतात. बाहूंच्या लांबीतला फरक कळतो तो व्यतिकरणातून, म्हणजे लहरीमुळे. तो किती बारीक मोजता येईल याला मर्यादा घालतात फोटॉन. शोधकावर ते एकसारख्या अंतराने येत नाहीत, त्यामुळे उजेडाच्या मोजणीत एक खडखड उरतेच. लेसरची शक्ती वाढवली की ती खडखड तुलनेने कमी होते, पण मग आरशांवर आदळणारे फोटॉन आरशांनाच हलवतात. हे आरसे चाळीस किलोंचे आहेत. फोटॉनांच्या अनियमित धक्क्यांनी ते किती थरथरतात, हे २०२० साली प्रत्यक्ष मोजले गेले. यावर तोडगा आहे तो ग्लॉबर-सुदर्शन यांच्या चौकटीतलाच. प्रकाशाची अनिश्चितता एका बाजूने 'दाबून' कमी करायची आणि दुसऱ्या बाजूने वाढू द्यायची. असा दाबलेला प्रकाश लायगो २०१९ पासून नियमित वापरते. पुंजसिद्धांत इथे कागदावरची शोभा राहिलेला नाही. तो न वापरता हे यंत्र आजच्या क्षमतेपर्यंत पोहोचलेच नसते.

मग 'द्वैत' या शब्दाची गरज कितपत उरते? जुन्या प्रयोगांची यादी पाठ करून घेण्यासाठी तो सोयीचा आहे, पण त्यातून प्रकाश लहरी स्वभावाचा आहे, मनाला येईल तसे वागतो, असा चुकीचा भास होतो. प्रकाशाच्या वागण्यात लहरीपणा नाही. तो कसा जाईल हे क्षेत्राची समीकरणे सांगतात, आणि कुठे किती नग मिळण्याची शक्यता आहे हेही तीच सांगतात. एक प्रश्न मात्र खरोखर उघडा आहे. पडद्यावर एक फोटॉन नेमका याच ठिकाणी का उमटला, शेजारी का नाही? सिद्धांत शक्यता देतो, नेमकी जागा देत नाही. ही मर्यादा निसर्गाचीच आहे की आपल्या सिद्धांताची, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. हा पेच प्रकाशापुरता नाही, सगळ्या पुंजभौतिकीचा आहे. तेव्हा परीक्षेत 'प्रकाश लहर की कण?' असे विचारण्यापेक्षा एखादा प्रयोग द्यावा आणि त्यात वाटेचा हिशेब कुठे संपतो, देवघेवीचा कुठे सुरू होतो, ते विचारावे. विद्यार्थ्याला भौतिकी कळली आहे की नाही हे त्या उत्तरावरून समजेल, आणि 'दोन्ही' एवढे लिहून त्याची सुटका होणार नाही.